मेन पाडलंस मां?

वारा खाडीवरून वळला की माडांचा आवाज बदलतो.
आधी झावळ्या सळसळतात,
मग नुसत्याच घासतात एकमेकींवर.
तेव्हा मी मोबाइल चार्जिंगला लावते,
पंप चालू करून वरची टाकी भरते,
बर्फाच्या खणात पाण्याच्या बाटल्या आडव्या घालते
बांगड्यांच्या पिशवीला चिकटून.

बॅटरी दाराशी, खुंटीला,
नातवाचा हात पोचेल इतक्या उंचीवर.
काड्यापेटी मात्र माझ्याच कनवटीला.

आणि मग जाते लाइट.
आचऱ्याची पोरं खाडीपर्यंत ओरडतात, "गेलीऽऽ!"
जणू पाहुणी होती कोणी, एस्टीनं निघालेली.

फ्रीज उघडायचा नाही.
आत काय काय आहे ते आठवायचं.

फिलोमिनाची इन्सुलिन माझ्या मागीलदारी असते.
मोठ्या मडक्यात लहान मडकं,
मधे ओली पुळण, वर ओलं फडकं.
ती रोज विचारते, "थंड आहे ना गो?"
मी तिचा हात धरून आत घालते.

पण हे सगळं नंतर.
आधी मी पायात रबरी चपला घालते
आणि आळीतून निघते, दार दार करत.
"मेन पाडलंस मां?"
गाव मला वायरमनीण म्हणतो.
म्हणू दे.

झुबेदाच्या पडवीत जनरेटर धडधडत होता,
तो तिच्या दोन पोरांकडून अंगणात ओढवून घेतला.
धुराचा वास येतो, तेवढाच धूर नसतो, बाय.
वास नसलेलाच झोपेत घरात शिरतो.
शाळेच्या वाटेवर तार पडली होती पाण्यात.
पडलेली तार आणि पडलेलं जनावर,
मेलं की नाही हे आपण ठरवायचं नाही.
मी दोन्ही बाजूंना लांब बाकडी आडवी टाकून
अंधार पडेपर्यंत तिथं उभी राहिले,
येईल त्याच्यावर खेकसत.

त्या वर्षी गुणाजी खांबावर होता.
लाइन मेलेली होती.
सबस्टेशननं सांगितलं होतं, कागदावर सही होती.
खाली कुणीतरी जनरेटर लावला, घरच्या बोर्डात जोडला,
मेन तशीच वर.
करंट उलटा निघाला, मीटरमधून बाहेर,
व्हाळ डोंगरावर चढावा तसा,
आणि खांबावर माझ्या नवऱ्याच्या हाताशी पोचला.
सतरा मिनिटं तो पट्ट्याला लटकत होता.
मी मोजली नाहीत. लोकांनी सांगितली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.
घर कुणाचं, ते त्यानं आजवर सांगितलं नाही.
"साखळी टाकायची राहिली," एवढंच म्हणतो,
"लाइनला अर्थ द्यायला हवा होता. माझीच चूक."
मग उरलेल्या दोन बोटांनी विडी वळवत बसतो.

मी कुणाला विचारलंही नाही.
फक्त दर वेळी सगळ्या दारांत जाते,
एकाच आवाजात तेच विचारते.

वरच्या आळीत चिऱ्याच्या गडग्याआड एक घर आहे.
तिथं विचारावं लागत नाही.
मी बेड्याशी पोचायच्या आधीच
खटका खाली असतो,
आणि म्हातारा मीटरच्या पेटीपाशी
कंदील धरून उभा,
मला दिसावं म्हणून.
हात थरथरतो त्याचा.
ज्योत काचेला काळं लावत राहते.
मी मान हलवते. कधी तेवढीही नाही.
एकदा त्यानं नारळ दिले होते, सोललेले.
ते मी आणले. त्यांची सोलकढी केली.
गुणाजीनं दोन वाट्या प्यायल्या.

तिसऱ्या रात्री नाक्यावरचा दिवा लागतो,
त्याच खांबावरचा.
पोरं पुन्हा ओरडतात.
फ्रीजची पिन अजून बाहेरच आहे, टीव्हीचीही.
गुणाजी मीटरखाली उभा राहून आकडे मोजतो,
शंभर, दोनशे,
वोल्टेज शांत होऊ दे म्हणतो,
आणि अंगठा पुढे करतो खटक्याकडे.
"थांब जरा," मी म्हणते.
"फिलोमिनाकडे अजून काळोख आहे."